पाटीवरचा पाय

"डायबेटीस," डॉक्टर म्हणाले. "मधुमेह. रक्तात साखर फार वाढलीय. आणि या पायात गँगरीन झालंय."

गँगरीन म्हणजे माणूस जिवंत असताना त्याचं मांस मरतं, कुजतं आणि ते कुजणं वर चढत जातं. धाराशिवच्या दवाखान्यात डॉक्टर हे सांगत होते तेव्हा माझ्या यजमानांचा पाय माझ्या मांडीवर होता. वास मला येत होता. त्यांना मात्र काही दुखत नव्हतं, आणि तिथंच आम्ही फसलो होतो.

"इतके दिवस काय करत होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"नारू निघायची वाट बघत हुतो," हे म्हणाले.

आजच्या पोरांना नारू माहीत नाही. बारवेच्या पाण्यातून तो अंगात शिरायचा, आणि पुढं कधीतरी पायाला फोड येऊन दोऱ्यासारखा जंत बाहेर पडायचा. काडीला गुंडाळून तो रोज थोडाथोडा ओढायचा. आमच्या गावात घरटी कुणीतरी ते भोगलेलं होतं.

"गाव कुठलं तुमचं?"

आमचं गाव भूमकडच्या कोरड्या अंगाचं. मी नाव सांगितलं तसे डॉक्टर दचकले. "तुमच्या दूध संस्थेत मी पत्र्याची पाटी पाठवली होती. गोड सोडा पिऊ नका म्हणून. लावली नाही का?"

"लावली की," हे म्हणाले. "म्याच खिळे ठोकले. तेवढी बघूनच तर समदं गाव पाण्याला भ्यायलं."

डॉक्टरांना कळेना. मलाही तेव्हा नीट कळलं नव्हतं.

आमचे हे गावच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी. दुष्काळाचं साल होतं. विहिरी आटलेल्या, टँकरचं पाणी खारं, आणि बारवेत उरलेलं हिरवंगार. दूध घेऊन गेलेली गाडी परत येताना भूमहून लेमनच्या बाटल्यांचा खोका आणायची. लेमन म्हणजे गोळीच्या बाटलीतला रंगीत गोड सोडा. संस्थेत कुणी आलं की लेमन फुटायचा, आणि सेक्रेटरीला सोडून कोण पिणार? नाही म्हणणं आमच्या यजमानांच्या रक्तातच नव्हतं.

अशात ती पाटी आली. पेंटरनं पाय असा रंगवला होता की दूध घालायला आलेल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. काळानिळा, बोटाशी फाटलेला, जखमेतून पिवळी धार ओघळलेली. खाली मजकूर होता म्हणे; खिळे ठोकायच्या घाईत यांनीही तो वाचला नव्हता. पण संस्थेत त्याच भिंतीला दुधाचे कॅन उतरंडीसारखे रचायची पद्धत. अक्षरं कॅनमागं गेली आणि वर उरला नुसता पाय. फाटलेला पाय आणि त्यातून दोऱ्यासारखी निघालेली ती धार बघितल्यावर आमच्या माणसांना वाचायची गरज काय? नारू! गावातल्या गोदामावशी जन्मभर लोकांचे नारू ओढत आल्या. त्यांनीच पाटीसमोर उभं राहून निकाल दिला, "लई बेस चितारलाय. सरकार बी सांगतंय, पानी पिऊ नगा."

पाटीनं काम केलं नाही असं मी कधीच म्हणणार नाही. चांगलं चोख केलं. बारवेवरची गर्दी हटली आणि लेमनचे खोके जास्त येऊ लागले.

यांची तहान वाढली होती. पण दुष्काळात तहान कुणाला नव्हती? अंग वाळलं होतं. पण त्या साली बाळसं कुणी धरलं होतं? सारखे लघवीला उठायचे, त्यावर मीच चिडवायचे, "गावाला पाणी न्हाय आन तुमचा पाट काय आटंना." आता ते आठवलं की घास फिरतो.

मग नव्या वहाणेनं अंगठ्याशी फोड आला. गोदामावशींनी पाय चाचपला. "नारूच हाय. आज न्हाय उद्या तोंड काढंल." त्यांनी कांदा भाजून गरमागरम बांधला. कातडी भाजली तरी आमचे हे हूं की चूं करेनात. मला वाटलं, केवढा सोशिक माणूस! मधुमेहानं पायाची जाणीवच मेली होती, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, तसली आमची गत. आम्ही जंताची वाट बघत बसलो, फोड चिघळून काळा पडला, आणि ताप चढला तेव्हा कुठं एसटीनं धाराशिव गाठलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तीच पाटी लावलेली होती. तिच्यापुढं कॅन नव्हते. चौथीपर्यंतच्या माझ्या शिक्षणाला पुरेल एवढं मोठं अक्षर होतं. गोड सोड्याचं नाव होतं, मधुमेहाचं होतं. मी वाचलं आणि परत पहिल्या अक्षरापासून वाचलं.

डॉक्टर शेजारी येऊन उभे राहिले. तरुण होते. "सोड्यानंच झालं असं नाही, बाई. रोग आधीपासून असणार, सोड्यानं आगीत तेल ओतलं. पण मी भीती तेवढी घातली. कशाची, ते चित्रात दाखवलंच नाही."

दुसऱ्या दिवशी अँप्युटेशन केलं. म्हणजे पाय गुडघ्याखाली कापला. शुद्धीवर आल्यावर यांनी चादर उचलून बघितलं आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. मला रडायचीसुद्धा चोरी होती. घरी सोडताना डॉक्टर एवढंच म्हणाले, "दुसरा पाय वाचवायचा असेल तर जीभ आवरा."

गावात आल्यावर हे कुबड्या घेऊन संस्थेत जाऊन बसले. माणसं कळवळून भेटायला यायची आणि मायेनं लेमन पुढं करायची. "सेक्रेटरी, नारूनं घात केला तुमचा. पानी नगा पिऊ, ह्ये घ्या." दुष्काळात तेरावा महिना तो हा!

यांनी सगळे कॅन दुसऱ्या भिंतीला लावायला सांगितले. मग लेमनची एक रिकामी बाटली सुतळीनं बांधून पाटीवरच्या पायाला लागूनच टांगली. येईल त्याला आधी पाटी दाखवायचे, मग स्वतःचं धोतर वर करायचे. काहींनी बाटली सोडली. काहीजण पाटीकडं पाठ करून प्यायला लागले. गोदामावशी मात्र पुढं कुणाचाही फोड बघितला की आधी विचारायच्या, "दुखतंय का?" नाही म्हटलं की दवाखान्यात धाडायच्या.

हे वाचणाऱ्यांनाही माझं तेच सांगणं आहे. घरात कुणाची तहान भागत नसेल, जखम दुखत नसेल, तर हायसं वाटून घेऊ नका. आधी साखर तपासा. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरलेले नाही, पण चित्र बघून शहाणपण येतं असंही मला आता वाटत नाही.

एका दुपारी मी संस्थेत भाकरी घेऊन गेले. आत कुणी नव्हतं. दारात लेमनचा खोका नुकताच उतरला होता आणि आमचे हे त्याच्याकडं टक लावून बसले होते. ओठांना कोरड पडलेली. मी भाकरी खाली ठेवली. फडक्यानं गाळलेलं टँकरचं पाणी तांब्यातून ओतलं आणि पेला पुढं केला.

त्यांनी तो एका दमात संपवला. तोंड वाकडं झालं.

"लई खारं हाय," म्हणाले, आणि पेला भरायला परत माझ्यापुढं धरला.