जनावर घरात शिरलं

आमच्या गावात सापाचं नाव घेत नाहीत, जनावर म्हणतात. आज सकाळी बायको अंगणातून ओरडली, "अहो, जनावर शिरलं घरात!" डोक्याला काही कळायच्या आत मी बाजेवर उभा! नात खाली चिंचोके खेळत होती, ती तिथंच राहिली.

आत आलं शेजारच्यांचं रेडकू.

"उतरा आता, वाघोबा," बायको हसत म्हणाली. "ते चावत नाही."

मीपण हसलो. तेवढ्यात नातीनं विचारलं, "आजोबा, मला का नाही घेतलं वर?"

पायांनी उडी मारताना मला विचारलंच नाही. उद्या खरंच साप निघाला तर विचारतील का? तेव्हापासून पोरीला मांडीवर घट्ट धरून बसलोय, पण डोळे माझ्याच पायांवर आहेत.