आठ मिनिटं पुढे

लुंबिनी सोनकांबळे आमच्या फ्लाइंग स्कूलमध्ये आली तेव्हा मी म्हटलं, ही चार दिवसांत पळणार. अंगाने काडी, आवाज मात्र असा की लातुरात बोलली तर रेडिओशिवाय नांदेडला ऐकू जावं. घर अहमदपूरला, वडील आनंदराज एसटीत कंडक्टर. मी शिवशंकर, देवणीकडचा, इथला रेडिओवाला. वर गेलेली पोरं कुठे पोचली ते रेडिओवर सांगतात, मी उत्तर देतो आणि वहीत वेळ टिपतो. अकरा वर्षं हेच चाललंय.

बाकीची पोरं रेडिओवर गावांची नावं अगदी सुटाबुटात घेत. ही मात्र ‘आमदपूर’ म्हणायची. कॅप्टन सर चिडायचे. “सर, माझंच गाव हाय, मी चुकीचं कसं म्हणंन?” असं विचारून ती त्यांनाच गप्प करायची. मला ती पोर आवडायची.

कमर्शियल लायसन्ससाठी एकट्याने लांबची उड्डाणं करावी लागतात. तिचं शेवटचं राहिलं होतं, नांदेडला जाऊन परत यायचं. नोव्हेंबरातली सकाळ, आभाळ स्वच्छ. आमचं दुसरं विमान दुरुस्तीला होतं, म्हणजे वर ती एकटीच. सर वर्गात शिकवत होते आणि रेडिओच्या खोलीत मी एकटा.

परतताना दहा वाजून बारा मिनिटांनी तिने अहमदपूर ओलांडल्याचं सांगितलं. मी टिपलं. दहा वीसला पुन्हा तेच. तोच आवाज, तोच विमानाचा नंबर, तेच ‘आमदपूर’. मी हसून विचारलं, “गावावर घिरट्या घालायलीस काय गं? मघाशीच तर सांगितलंस.”

ती हळूच म्हणाली, “काका, मघाशी मी न्हाई बोलले. मीबी ऐकलं ते. वाटलं, कोण तरी माझी नक्कल करायलंय.”

नक्कल करायला वर दुसरं कुणी नव्हतंच. त्यानंतर तो आवाज प्रत्येक टप्प्याला येत राहिला, तिच्या आठ मिनिटं पुढे. चाकूर आधी तो सांगायचा, मग ती. तो अगदी निवांत, आणि ती घाईघाईने. दहा तेहेतीसला तो म्हणाला, रनवे दिसतोय, उतरतेय. मी खिडकीशी धावलो. रनवे रिकामा होता. कडेचं गवत हलत होतं, आभाळात साधी घारसुद्धा नव्हती. तेवढ्यात रेडिओवर तो आवाज ‘काका’ म्हणाला. पुढचा शब्द अर्धाच निघाला आणि तुटला. पुन्हा तो आवाज आला नाही.

लुंबिनीनेही ते ऐकलं होतं. “काका, रनवेवर काय हाय?”

“काहीच न्हाई, पोरी.”

“नीट बघा.”

मी पुन्हा बघितलं. काही नव्हतं.

ती आली, पण उतरली नाही. वरून दोनदा वळसा घालून गेली. घरघर ऐकून सर आले, माझ्या हातातला माईक ओढून तिच्यावर ओरडले. तिने ऐकलं नाही. रनवेच्या दुसऱ्या टोकाकडून, नियम मोडून वारा पाठीशी घेऊन ती उतरली. मग विमान तपासलं, रनवे पायी चालून बघितला. बोट दाखवावं असं काहीही सापडलं नाही.

असं का केलंस, म्हणून सरांनी विचारलं. तिने शब्दन् शब्द खरा सांगितला. मग सर माझ्याकडे वळले. “शिवशंकर, तू ऐकलंस?”

माझं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं. नसलेले आवाज ऐकणारा रेडिओवाला कोण ठेवून घेणार? मी ‘नाही’ म्हणालो, तेही तिच्याकडे न बघता. वहीतल्या त्या जादा नोंदी सर रनवे बघायला गेले तेवढ्यात मी पांढरी शाई लावून पुसल्या होत्या. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, तरी म्हणालो.

मेडिकल बोर्डाने तिचं उड्डाण थांबवलं. तीन महिने ती घरी बसली. डॉक्टरांनी कान तपासले, डोकं तपासलं. गल्लीतल्या बाया म्हणू लागल्या, पोरीला बाहेरचं लागलंय. आनंदराजांनी असल्या गोष्टींना उभ्या जन्मात थारा दिला नव्हता. ते रजा काढून माझ्याकडे आले. “आवाज आला म्हंजे कुणीतरी बोललं असंल. तुमी तिथंच व्हता, आठवून बघा की.” मी त्यांना चहा पाजला आणि त्यांनाही ‘नाही’च सांगितलं.

शेवटी बोर्डाने तिला पास केलं. ते उड्डाण तिने पुन्हा केलं, लायसन्स हातात आलं, नोकरीही लागली. पेढे घेऊन ती माझ्या खोलीत आली.

“डॉक्टर म्हणाले, ताणानं होतं असं. मला पटत नव्हतं. पण तुमी न्हाई म्हणालात, मग पटलं. आता परत ऐकू आलं तरी लक्ष द्यायचं न्हाई काका, सरळ उतरायचं.”

मी हातातला पेढा खाली ठेवला. “लुंबिनी, मी ऐकलं होतं. सगळं. मी घाबरून खोटं बोललो. परत तसं ऐकलंस तर उतरू नको, माय.”

ती मायेने हसली.

“मला बरं वाटावं म्हणून बोलायलात. आता त्याची गरज न्हाई, काका.”

“आईची शपथ, पोरी.”

“खोटी शपथ नका घेऊ,” ती म्हणाली आणि आणखी एक पेढा माझ्या हातावर ठेवला.