आत होम असते

अमरावतीतल्या आमच्या लॉजला आजूबाजूचे लोक भूतबंगला म्हणतात. आम्ही फ्रीमेसन, म्हणजे एका जुन्या बंधुमंडळाचे सदस्य; आमच्या शाखेला आणि तिच्या इमारतीला लॉज म्हणतात. महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी काळा सूट घालायचा, पांढरे हातमोजे चढवायचे, कमरेला पांढरा कातडी अ‍ॅप्रन बांधायचा आणि दार लावून बसायचं. दाराबाहेर आमच्यातलाच एक जण तलवार घेऊन उभा राहतो. त्याला येणारे-जाणारे विचारतात, हॉल लग्नाला भाड्यानं मिळते का? आत काय चालतं ते कोणाला सांगायचं नाही, अशी शपथ आहे. मी ती पाळतो. फार जड जात नाही. बराचसा वेळ मागच्या सभेचं इतिवृत्त वाचण्यात जातो. उरलेल्या वेळात कोणी पाठ केलेलं इंग्रजी वाक्य विसरलं, की शेजारचा ते हळूच सांगतो आणि बहुतेक वेळा चुकीचं सांगतो. मे महिन्यात सुटाच्या आतून घाम वाहतो, तेव्हा बंधुभाव जरा कमी होतो. मग जेवण असतं, आणि तो परत येतो.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. लॉजमध्ये नव्या सदस्याला पहिलं काम मिळतं ते वाढप्याचं. त्याला स्टुअर्ड म्हणतात, पण काम वाढप्याचंच. माझ्या वेळी स्वयंपाकघर एका जुन्या सदस्याच्या ताब्यात होतं. ते राहायला अकोल्याला आणि अकोटकडच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मॅनेजर. अंगानं रुंद, आवाज मशीनच्या वर जाईल असा. विधी अर्ध्यावर आला की ते मास्टरची, म्हणजे त्या वर्षीच्या अध्यक्षांची, रीतसर परवानगी घेऊन बाहेर पडत. कोट खुंटीला लावत, अ‍ॅप्रनची घडी करून पिशवीत ठेवत, कमरेला जुना टॉवेल गुंडाळत आणि मागच्या अंगणात गोवऱ्या पेटवत. त्या निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी आणि पातळ वरण. मी वांगी चिरायचो. तुकडे लहान-मोठे झाले तर ते काही बोलत नसत, फक्त सुरी माझ्या हातातून काढून घेत. जेवणं झाल्यावर पातेलीही तेच घासत, कारण दुसऱ्याचं घासणं त्यांना पटायचं नाही.

मास्टर व्हा म्हणून दर वर्षी त्यांना आग्रह व्हायचा. ते म्हणायचे, "मास्टरले खुर्चीवरून उठता येत नाही. भाजी कोन पाहीन?"

दोन वर्षांपूर्वी ते गेले. छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचायच्या आतच संपलं. त्यानंतर आम्ही जेवणासाठी केटरर लावला.

त्याच्या पुढच्या वर्षी मला बढती मिळाली. लॉजमध्ये एक पद असतं आल्मोनरचं. आजारी सदस्यांना भेटायचं, गेलेल्या सदस्यांच्या बायकांची अधूनमधून विचारपूस करायची. माझ्याकडे कार आहे आणि मी कमी बोलतो, या दोन गुणांवर माझी निवड झाली. अकोल्याच्या काकू, म्हणजे त्या रोडगेवाल्या सदस्यांच्या पत्नी, त्यामुळे माझ्या वाट्याला आल्या.

पहिल्या भेटीत त्यांनी चहा केला, माझ्या पुढ्यात ठेवला आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या. भिंतीवर त्यांच्या यजमानांचा फोटो होता, सुटातला.

"सर, तुमी यांच्यासंगं होते ना लॉजात?"

"हो."

"मंग तुमाले मालूम असंल. लय शिस्तीचा मानूस. पन घरात?" त्या फोटोकडे बघत म्हणाल्या, "घरात पान्याचा गिलास नाई उचलला कधी. मी बाहेर गेली, तर माठापाशी बसून माही वाट पाहत. जेवलेलं ताट तसंच. इतक्या वर्षांत एक डाव चहा केला असंल तर शप्पथ."

मी चहा प्यायलो. चहा गरम होता, तरी एका दमात प्यायलो.

"अन् लॉजातून आले की कपड्याले धुराचा वास," काकू म्हणाल्या. "सदऱ्यावर हळदीचे डाग. मी इचारलं, आत करता तरी काय? तर म्हनत, सांगता येत नाई, आत होम असते."

"होम?"

"होम. मी तर साऱ्या गल्लीले सांगतलं, आमच्या यांच्याकडे दर महिन्याले मोठा होम असते म्हनून." मग जरा पुढे झुकून त्यांनी विचारलं, "असते ना?"

मी म्हणालो की आतलं काही सांगता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्या शपथेचा मला उपयोग झाला.

अमरावतीला परतल्यावर मी हा प्रश्न कमिटीपुढे ठेवला. मास्टर डोळ्यांचे डॉक्टर होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. आमच्यातले वकील म्हणाले, शपथेत स्वयंपाकाचा उल्लेख नाही, तेव्हा सांगायला कायद्यानं हरकत नाही. कोषाध्यक्ष म्हणाले, पण ज्यानं स्वतः सांगितलं नाही त्याच्या माघारी आपण कोण सांगणार? वकील म्हणाले, मग होमाचं काय करायचं, उद्या कोणी होमासाठी देणगी घेऊन आलं तर? यावर बराच खल झाला. शेवटी असं ठरलं की आपण होऊन सांगायचं नाही आणि विचारलं तर खोटं बोलायचं नाही. हे धोरण घेऊन मी महिना-दोन महिन्यांनी अकोल्याला जात राहिलो. काकूंचं बीपी, कूलरची मोटर, पुण्याला असलेली मुलगी, असं बोलणं व्हायचं. होमाचा विषय निघाला की मी उठायचो.

हिवाळ्यात आमची लेडीज नाइट असते. नाव नाइट असलं तरी ती रविवारी दुपारी होते, कारण अकोल्याच्या आणि धामणगावच्या लोकांना उजेडात परत जायचं असतं. त्या दिवशी सगळी दारं उघडी असतात, सदस्यांच्या घरचे येतात, आतली खोली बघतात, जेवतात. गेलेल्या सदस्यांच्या बायकांना बोलावणं हे आल्मोनरचं काम. मी काकूंना सांगायला गेलो.

"बायकाइले चालते?" त्यांनी विचारलं.

"चालते."

"हे तं म्हनत, बाईमानसाले फाटकाच्या आतसुद्धा येऊ देत नाई." मग त्यांनी विचारलं, "कवापासून चालते?"

धोरणाप्रमाणे खोटं बोलता येत नव्हतं. "पहिल्यापासूनच," मी म्हणालो.

त्या उठून आत गेल्या. मला वाटलं नकार आला. आतून कपाट उघडल्याचा आवाज झाला, आणि त्यांनी दारातूनच विचारलं, "साडी कोनती घालू? तथी कसं रायते? भारी का साधी?"

त्या दिवशी मी त्यांना सकाळी कारनं घेऊन आलो. त्यांनी आतली खोली पाहिली, काळ्या-पांढऱ्या फरशीवरून सांभाळून चालल्या. मास्टरांनी त्यांच्या यजमानांची बसायची जागा दाखवली, ती शेवटच्या रांगेत दाराजवळ होती. "इतक्या मागं?" काकू म्हणाल्या. मास्टर म्हणाले, त्यांना मागंच आवडायचं. काकूंनी खोलीत सगळीकडे नजर फिरवली. होमकुंड शोधत असाव्यात, असं मला वाटलं.

जेवणाला मी त्यांना माझ्या बायकोच्या शेजारी बसवलं. ते सुरक्षित होतं, कारण तिला मी सगळं सांगून ठेवलं होतं. पण समोर आरा मशीनवाले चाचा येऊन बसले. हे आमचे सगळ्यांत जुने सदस्य, लाकडाचे व्यापारी, वयामुळे ऐकायला कमी येणारे. कमिटीचं धोरण त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. त्यांनी केटररच्या पनीरचा एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला.

"वहिनी," चाचा मोठ्यानं म्हणाले, "ये कोई खाना है? ज्यानं आपल्या भाऊच्या हातचे रोडगे खाल्ले, त्याले हे काय गोड लागते?"

"कोनाच्या हातचे?" काकूंनी विचारलं.

"भाऊच्या. तुमच्या मालकाच्या. अन् वांग्याची भाजी! तुमी तर रोज खात असाल. नसीबवाल्या आहात."

टेबलावर सगळेच एकदम खाली बघून जेवायला लागले. माझ्या बायकोनं काकूंकडे पाण्याचा ग्लास सरकवला. काकूंनी तो घेतला नाही. त्या माझ्याकडे वळल्या.

"सर, हे स्वयंपाक करत होते?"

"हो."

"किती जनाचा?"

"सगळ्यांचा."

"अन् भांडी?"

मी म्हणालो की भांडीही.

काकूंनी जेवण पूर्ण केलं. पानात काही टाकलं नाही. मग म्हणाल्या, "दाखवा मले कुठी करत होते ते."

मी त्यांना मागे घेऊन गेलो. स्वयंपाकघरात केटररची माणसं होती. मोठं पातेलं वरच्या फळीवर पालथं ठेवलेलं होतं. अंगणात गोवऱ्या जाळायची जागा अजून काळी होती. काकू तिथं उभ्या राहिल्या. पायानं राख जराशी चाळवली.

"हा होम," त्या म्हणाल्या.

मला वाटलं त्या रडतील. मी खिशात रुमाल शोधला. पण त्या रडल्या नाहीत. "मले राग येऊन राहिला, सर," त्या म्हणाल्या. "अन् मानूस गेला. आता काढू कोनावर?"

मी आल्मोनर होतो. "माझ्यावर काढा," म्हणालो.

त्यांनी ते मनावर घेतलं. मी आणि बायको त्यांना अकोल्याला सोडायला निघालो, आणि बडनेऱ्यापासूनच सुरुवात झाली. मी गाडी चालवत होतो आणि काकू मागच्या सीटवरून, "तुमाले लाज नाई वाटली कधी?" असं मला विचारत होत्या. "मी ताप असताना उठून पोळ्या केल्या, तुमी पेपर वाचत बसले. माही कंबर धरली, तुमी म्हटलं भूक लागली. परक्या लोकाइले रोडगे भरवता अन् बायकोले एक भाकर नाई." बायको शेजारी बसून मान डोलवत होती, आणि ती फक्त काकूंसाठी डोलवत नव्हती हे मला कळत होतं. मूर्तिजापूर येईपर्यंत माझा बराच उद्धार झाला होता.

मूर्तिजापूरला चहाला थांबलो. पुढे बोरगाव मंजू मागे पडल्यावर काकूंचा आवाज परत आला, पण आता तो वेगळा होता.

"याईनं केलता एकदा स्वयंपाक. लग्न नवं होतं. मले कावीळ झाली होती, उठवत नव्हतं. तं हे सकाळीच चुलीपाशी बसले. सासूनं पाह्यलं अन् डोक्याले हात लावला, म्हने पोरगं बायकोचं गुलाम झालं. नंदेनं साऱ्या गल्लीत सांगतलं. बाया याईले पाह्यल्या की पदर तोंडाले लावून हासत."

"मग?"

"मंग काई नाई. पुन्हा नाई गेले चुलीपाशी." थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "मी पन हासली होती, सर. खाटेवर पडल्या पडल्या हासली. मजाक वाटली मले. याईनं पाह्यलं होतं माह्याकडं."

माझ्या बायकोनं मागे हात करून त्यांचा हात धरला. अकोला येईपर्यंत तसाच धरून ठेवला. मी रस्त्याकडे बघत होतो, कारण मूर्तिजापूरपासून समोरून ट्रक फार येत होते.

पुढच्या महिन्यात काकूंचा फोन आला. म्हणाल्या, रविवारी या, आणि येताना वांगी आणा.

"वांगी?"

"यांच्या हाताखाली तुमीच होते ना? चाचा म्हनून राहिले होते. मंग तुमाले येत असंल."

मी सांगितलं की मी फक्त चिरायचो. त्या म्हणाल्या, चिरनाऱ्याले दिसत नाई का, कढईत काय पडते ते?

मी गेलो. काकूंनी स्वयंपाकघरात खुर्ची टाकली आणि तिच्यावर बसल्या. मदत करायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण मी तेल ओतताना त्यांचा हात दोनदा पुढे आला. गच्चीवर गोवऱ्या पेटवल्या तेव्हा शेजारच्या बाई कठड्यावरून बघायला लागल्या. काकूंनी त्यांना सांगितलं, "होम आहे." रोडगे बाहेरून जळले. आतून बरे होते. भाजी कशी झाली हे मला सांगता येत नव्हतं. आठवत होतं तेवढं सगळं मी त्यात घातलं होतं.

मी त्यांना बाहेरच्या खोलीत वाढलं. त्यांनी रोडगा फोडून तुपात कुस्करला, भाजीचा घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिल्या.

"मीठ जास्त झालं," त्या म्हणाल्या.

"त्यांचंही व्हायचं."

"खरं सांगून राहिले का, का आपली बाजू सावरून राहिले?"

"खरं. चाचा दर वेळी म्हणायचे. ते ऐकायचे नाहीत."

"ऐकनारा मानूसच नव्हता," काकू म्हणाल्या, आणि वाटी पुढे केली. मी परत वाढलं. तेवढ्यात पुण्याहून मुलीचा फोन आला. काकूंनी डाव्या हातानं तो कानाला लावला.

"हो, जेवून राहिली... वांग्याची भाजी, रोडगे... नाई, मी नाई केले. मले एवढ्यात कुठं होते." पलीकडून मुलगी विचारत असणार, मग केलं कोणी? काकूंनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी कमरेला टॉवेल गुंडाळून उभा होतो.

"बाहेरून आनले," त्या म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं. मी ते उचललं आणि मोरीत घासायला बसलो. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, पातेल्याचं बूड नीट घासा.