माडीवर पारा नसते

पारा, म्हनजे आमची वस्ती, सोडला त्या दिवशी मी हासून राहिली होती. खोटं काहून सांगू? बाकीच्या बाया रडत होत्या. कोनी उंबऱ्याले हात लावून रडे, कोनी कडुलिंबाच्या बुडाशी बसून. आन मी ट्रकात खाटेवर बसली होती, मांडीवर देवाची पेटी, बाजूले आमचा बुढा, आन नव्या नवरीसारकी हासून राहिली होती. काहून तं मले माडी भेटली होती. चौथी मंजिल.

तिकडे वर्धेकडे माहेरची जी मानसं हायेत, आन पाऱ्यातून जे जे पांगले, त्या साऱ्याइले हे सांगून राहिली. नात मोबाइलात लिहून राहिली. तिले मराठी समजते, जबाब मात्र हिंदीत देते. मी तिले म्हनलं, मी बोलतो तसंच लिही, सुधरवू नको.

तं माडी. आमच्या गावात माडी एकच होती, मालगुजाराची. माय तिथं शेनगोठ्याले जाये. साऱ्या जिंदगीत तिनं त्या घराचा जिना नाही पाहिला, अंगनातूनच वापस येये. मी लहानी असताना इचारी, "माय, वरते काय असन वं?" ते म्हने, "वरते हवा असते. मोठ्या लोकाइले लागते." ते माह्या डोक्यात बसलं. लग्न झाल्यावर बुढा, तवा जवान होता, मस्करीत म्हने, "तुले माडी बांधून देतो, पाह." रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली करनारा मानूस, कुठून बांधन? पन म्हने.

लग्नानंतर माय मले गाडीत बसवाले आली होती. मी भल्ली भेदरट होती. कोनाच्याही घरी गेली का पाय पोटाशी घेऊन कोपऱ्यात बसे. गाडी हालाले लागली तशी माय खिडकीसंगं चालत चालत म्हने, "तिथं कोपरा धरून बसू नको वं! पसरून बसजो!" डब्यातले लोक हासले. मी लाजून मेली. पन तेच एक बोलनं मले तिनं संगं देल्लं. बाकी एक पितळी गंज होता, पातेल्यासारका, तो बी मांगून चोरीले गेला.

रायपुरात गुढियारीच्या मांगे, लाइनीच्या कडेले आमी बसलो. आधी बांबू आन ताडपत्री, मंग माती, मंग इटा. अर्धे लोक आमच्या नागपूर-वर्धेकडचे, अर्धे छत्तीसगढी, म्हनून लोक त्याले नागपुरिया पारा म्हनत. माह्या भितीले भित लागून बिसाहीन होती. ते बाजारात मुर्रा, म्हनजे मुरमुरे, इके. तिची बोली मले समजे नाही, माही तिले समजे नाही, तरी आमी पहिल्याच दिवशी नळावर भांडलो. तिथून जी दोस्ती झाली ते आतापावतर हाये. मी तं पसरली बावा. दारापुढे अंगन केलं, अंगनापुढे तुळस, तुळशीपुढे बाज. साऱ्या पाऱ्याच्या पापड-कुरडया माह्या बाजेवर वाळत.

मंग छत्तीसगढ राज्य अलग झालं, रायपूर राजधानी झाली. पाऱ्यात आमी फटाके फोडले. बुढ्यानं पेढे वाटले. आमाले वाटलं, राजधानी म्हनजे आपलीच इज्जत वाढली. कोनाले काय मालूम का राजधानीले आमची जागा लागते! आधी रस्ता रुंद झाला, मंग दुकानाले काचा लागल्या, मंग गाड्यातून लोक उतरून आमच्याकडे असे पाहात, जसं आपन बाजारात भेंडी पाहातो. मंग भितीवर लाल निशान पडलं. साहेब लोक म्हनाले, "पक्का मकान मिलेगा, सबको."

आमी नाही म्हनलं नाही. पक्कं घर कोनाले नाही पाहिजे? पावसात टिनातून पानी गळे तं मी रातभर गंज सरकवे.

घरं वाटाची होती त्या दिवशी एका पिलास्टिकच्या बालटीत चिठ्ठ्या होत्या. मी हात घातला. बाबूनं वाचलं, "चौथी मंजिल." बायाइनं टाळ्या वाजोल्या. बिसाहीननं मले असा चिमटा घेतला! म्हने, "तैं तो सेठानी होगेस ओ!" तू तं सेठानी झाली वं! तिले दुसरी मंजिल निंघाली तं ते तोंड फुगवून बसली. पाहा बरं आमची अक्कल. साऱ्या पाऱ्यात कोनी कधी वरते राहिलं नव्हतं. वरचं म्हनजे मोठ्या लोकाचं, एवढंच ठावं. जिना चढा लागते, पानी चढवा लागते, ह्या गोष्टीचा इचार एकाच्या बी मनात नाही आला. खालची घरं कोनाच्याच चिठ्ठीत नाही निंघाली. ते आधीच वाटल्या गेली म्हने. कोनाले, ते बी कोनी इचारलं नाही. आमी माडीच्या खुशीत.

बीरगांवच्याही पलीकडे, कारखान्याच्या अंगाले त्या बिल्डिंगा. बुढ्याचे गुडघे पोत्याइनं आधीच खाल्ले होते. त्या दिवशी तो एकेका पायरीवर बुड टेकवत, हातानं सोताले ढकलत वर चढला. वर गेल्यावर घाम पुसून म्हने, "घे, आली तुही माडी." हासलो आमी दोघं.

त्यानंतर तो सोताच्या पायानं खाली नाही आला.

हवा होती वरते, माय खरं म्हने. हवेसंगं कारखान्याची काळी धूळ बी होती. नळाचं पानी दुसऱ्या मंजिलपावतर येये, तिथून पुढे डोक्यावर. आन बुढा खिडकीत. मालधक्क्याच्या चहाटपरीवर रोज चार लोकाइत बसनारा मानूस, आता दोरीले थैली बांधून खाली सोडे, तंबाखू मांगवाले. दुकानवाल्याले वरूनच आवाज दे, "क्या भैया, क्या खबर?" तो बिचारा हात हालवे आन धंद्याले लागे. पाहुना कोनी चढे नाही. बाया म्हनत, "अवो मावशी, तुमच्या घरी याचं म्हनजे दम निंघते." एक दिवस बुढा म्हने, "अवं, आयकून राहिली का? मले एकडाव खाली ने. पाय जमिनीवर टेकवाचे हायेत."

मी दफ्तरात गेली. खालचं एखांदं घर बदलून द्या, मानूस चालू शकत नाही. बाबू म्हने, "अम्मा, आवेदन दे दो, देखेंगे." देल्लं. नाही पाहिलं. आन इकडे जिन्याजवळच्या घराले कुलूप. आत टाइलीचे डब्बे. कोन्या एका टाइलवाल्यानं त्याचं गोदाम केलं होतं. टाइलीले खालचं घर, मानसाले वरचं.

त्याच दिवसात एकडाव मी सुनेसंगं जुन्या जागी गेली. सून तिथंच कामाले जाते, बसगाडीनं, घरोघरी भांडे घासाले. आता तिथं काचेची बिल्डिंग हाये, एवढी उंच का पदर सांभाळून वरते पाहा लागते. आपला कडुलिंब ठेवला हाये बरं. त्याले गोल कठडा केला, लायटिंग लावली. गेटवरचा गार्ड म्हने, "माताजी, किसके यहाँ काम है?"

मी म्हनलं, "काम नहीं है. मैं यहीं रहती थी."

तो म्हने, "यहाँ तो कोई नहीं रहता था. खाली ज़मीन थी."

पोट्टं गरीब होतं, त्याले जे सांगतलं ते त्यानं मले सांगतलं. पन मी वापस येताना बसगाडीत तेच घोकत होती, खाली म्हनजे रिकामी. खाली जमीन. माही तुळस, बिसाहीनचा चुल्हा, बाजेवरच्या कुरडया, सारी खाली जमीन.

मंग पोळा आला. बुढा म्हने, मले पोट्ट्याइचे मातीचे बैल पाहाचे हायेत. बिल्डिंगमधल्या पोरांनी त्याले खुर्चीसकट उचलून खाली आनलं. त्यानं पाय जमिनीवर ठेवले आन बोटं अशी मातीत रुतवली, जसा उन्हाळ्यात मानूस मांडीभर पान्यात उतरते. दिवसभर बसला. कोनाचा बैल चांगला, कोनाचा मरतुकडा, साऱ्याइले बोलला. संध्याकाळी पोरं खुर्ची उचलाले आले तं त्यानं जिन्याचा खांब धरला दोन्ही हातानं. "मी नाही जात वरते."

पोरं माह्याकडे पाहाले लागले. साऱ्या बाया पाहाले लागल्या. मले मायचा आवाज आला, गाडीच्या खिडकीतला. मी वर गेली, सतरंजी आनली, आन त्या कुलपाच्या दारापुढे, जिन्याखाली, पसरली. शिगडी आनली. "बसा," म्हनलं बुढ्याले. "नाही तं नाही."

दुसऱ्या दिवशी टाइलवाला आला. "ऐ बुढ़िया, ये मेरा घर है! हटो यहाँ से!" मी भाकर थापून राहिली होती, थापत राहिली. बिसाहीन खाली येऊन माह्या बाजूले बसली. तिच्या मांगून सगळ्या मंजिलच्या बाया आल्या, कोनी भाजी चिराले घेऊन, कोनी पोरगं न्हाऊ घालाले. त्याले डब्बे काढाले वाटच नाही राहिली. तो रोज याचा, रोज बोंबलाचा.

मंग दफ्तरातून साहेब आला. कवळा पोरगा, पुन्याकडचा, राजधानीत नवीन नौकरी. मले पाहून म्हने, "आजी, तुम्ही मराठी?" मले वाटलं, चाला, आपला मानूस भेटला. त्यानं टाइलवाल्याले इचारलं, "ये घर किसके नाम पर है?" आता नियमानं ते घर गरिबाचं, इकता येत नाही, भाड्यानं देता येत नाही. कालपावतर "मेरा घर, मेरा घर" करनारा तो मानूस म्हने, "मेरा नहीं है साहब, मैं तो बस सामान रखा हूँ."

बिसाहीन तिथल्या तिथं म्हने, "तोर नो हे, त ताला काबर तोर हे?" तुहं नाही तं कुलूप काहून तुहं? साऱ्या बाया फिदीफिदी हासल्या. साहेब बी तोंड फिरवून हासला. त्याच दिवशी डब्बे निंघाले. साहेब मले म्हने, "आजोबांसाठी सध्या इथे राहा. पण हे तात्पुरतं आहे बरं का."

बुढा त्या घराच्या दारात सारा हिवाळा उन्हात बसला. दारापुढे त्यानं तुळस लावली, बोटभर मिरचीचं रोप लावलं. दुकानवाला सोता चहा घेऊन बसाले ये. उन्हाळा लागाच्या आधी गेला, अंगनात, बाजेवर, बोलता बोलता. चौथ्या मंजिलवरून त्याले उतरवा नाही लागलं.

आता साहेब वापस आला, ह्या पोळ्याच्या आधी. चपला बाहेर काढून बसला, लेकराले संस्कार चांगले हायेत. आवाज अगदी मऊ. "आजी, आजोबा गेले, वाईट झालं. पण आता कारण राहिलं नाही ना. तुमचं घर वरचं आहे. तुम्ही समजून घ्या."

मी त्याले चहा देल्ला. इचारलं, "साहेब, तुमी कुठं राहता?"

"गुढियारीकडे. ती नवी बिल्डिंग आहे ना, तिथे."

"कितव्या मंजिलवर?"

"अकराव्या."

"लिफ्ट हाये?"

"हो, आहे की."

मी म्हनलं, "खिडकीतून खाली पाहजा. कडुलिंब दिसन, लायटिंगवाला. त्याच्या डाव्या अंगाले नळ होता. नळाच्या बाजूले माहं घर होतं. गावात आमची जागा नव्हती म्हनून मी निंघाली. पाऱ्यात जागा केली, तुमी म्हनलं उठ, तं हासत उठली. एवढी भोळी होती मी. बुढ्यासाठी खाली बसली, आता तुमी म्हनता बुढा गेला, उठ. लेकरा, मी काय बुढ्याचं सामान हावो का?"

तो म्हने, "तसं नाही आजी, नियम आहे."

"असन. मले बी गुडघे हायेत."

गुडघ्याचीच गोष्ट नाही, ते त्यालेही कळलं आन मलेही. आता ह्या दारापुढे पाहा. सुना कामाले जातात तं पोरं इथं टाकून जातात. बिसाहीनचा मुर्रा इथंच इकते. पापड इथं वाळतात, भांडनं इथं होतात, मिटतात बी इथंच. वर साऱ्याइचे पक्के घरं हायेत, दारं बंद करून. घर माडीवर असते. माडीवर पारा नसते. पारा जमिनीवर असते, आन जमीन कोनी बसलं तरच राहते, नाही तं उद्या कोनी गार्ड उभा राहून सांगन, इथं तं कोनी नव्हतं.

तुमी मले इचारता ना फोनवर, मावशी, आता घर कोनतं तुमचं, वर्धेचं का रायपूरचं, वरचं का खालचं? मी सांगतो. जिथून मले उठ म्हनलं आन मी उठली नाही, ते माहं घर. बाकी साऱ्या जागी मी पाहुनी होती. याचं असन तं या. सतरंजी मोठी हाये.

काल कोनी तरी येऊन दाराजवळच्या भितीले कागद चिकटवून गेला, ठप्पा मारलेला. पोळा आठ दिवसावर आला, भित पोताची होती. मी छुई माती भिजवली, पांढरीधोप, आन कुंचा घेऊन खालपासून वरपावतर, कागदासकट सारी भित पोतून काढली.

नात पळत आली. "आजी! वो नोटिस था!"

मी म्हनलं, "असन. भित माही हाये."