किती पावलं गेलं?

माझा मित्र शिवराम गोरिवले इकडे आखातात, अल खौदच्या एका गॅरेजमध्ये बावीस वर्षं मेकॅनिक होता. माणूस संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतला. मोठ्या फोर-बाय-फोर गाडीच्या गिअरबॉक्सचं दुखणं तो नुसत्या आवाजावरून सांगायचा. मी समोरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर असतो, त्यामुळे दुपारचा चहा आमचा एकत्र व्हायचा. पुढे जे घडलं त्याला थोडा मीही कारण आहे, म्हणून ते आधीच सांगून टाकतो.

गॅरेजचा अर्बाब म्हणजे मालक. त्याचा एक पुतण्या आहे, मुआज. तिशीतला, हसतमुख, आणि शिकारीचा भयंकर नाद. एका दुपारी तो आम्हाला मोबाईलवर फोटो दाखवत बसला. कुठल्या कुठल्या देशांत परवाने काढून मारलेली हरणं आणि प्रत्येकाच्या शिंगाला लावलेली मोजपट्टी. शिवराम फोटो बघत होता. शेवटी तो एवढंच म्हणाला, "आमच्या रानात भेकर असतं. मी मारलीत अकरा."

मला अरबी बरी येते. मुआजला सांगताना मी अकराची चाळीस केली. वर जोडलं, की रक्ताचा माग काढण्यात याचा हात कुणी धरू शकणार नाही. गंमत म्हणून. मुआजने मोबाईल खाली ठेवला आणि तो शिवरामकडे नव्याने बघायला लागला.

खरी गोष्ट वेगळी होती. शिवरामचे वडील वाडीतले नावाजलेले शिकारी. घरात ठासणीची बंदूक होती. भेकर मारणं तेव्हाही बेकायदाच होतं, पण वाडीत विचारायला कोण येतंय! शिवराम मोठा होत होता तेव्हा त्याच्या सोबत्यांचा हिशोब साधा होता: कुणी किती मारली, कुणाचं केवढं मोठं होतं. वडील मात्र एकच विचारायचे, "किती पावलं गेलं?" म्हणजे गोळी लागल्यापासून पडेपर्यंत जनावर किती पावलं चाललं. वीसच्या आत असेल तर मान हलवायचे. जास्त असेल तर त्या दिवशी मटणाला हात लावायचे नाहीत.

शिवरामने बाविसाव्या वर्षी एका मादीवर गोळी झाडली. ती पोटात लागली आणि मादी जाळीत शिरली. बापलेकांनी तीन दिवस रान पालथं घातलं. ती सापडली नाही. वडील त्याला एक शब्द बोलले नाहीत. शिवरामने त्यानंतर बंदूक धरली नाही. हे त्याने मला त्या चहाच्या आधीच कधीतरी सांगितलं होतं, आणि तरीही मी अकराची चाळीस केली.

गेल्या मार्चमधल्या एका गुरुवारी मुआज गॅरेजात आला. "शिवराम, कल जुम्मा. मेरे साथ चलो. अर्बाबको मालूम है."

"काम काय?" शिवरामने विचारलं.

"वाळूत गाडी फसते. मेकॅनिक पाहिजे," असं मुआज हसत म्हणाला.

शिवरामने मला ते सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. मी म्हणालो, "जा की. फिरून ये." ज्याच्या कागदावर आपला व्हिसा आहे त्याच्या पुतण्याला नाही कसं म्हणायचं, हे त्याला सुचलं नाही आणि मलाही नाही.

शुक्रवारी ते पहाटेच निघाले. सिनाव गाव मागे पडलं. डांबरी रस्ता सुटला आणि दगडगोट्यांचा उघडा माळ लागला. उजाडलं तेव्हा दूरदूर काटेरी समरची एकेकटी झाडं दिसायला लागली. शिवराम पाण्याची बाटली घ्यायला मागे वळला, तर सीटवर घोंगडीत काहीतरी लांबट गुंडाळलेलं होतं. त्याने घोंगडीचं टोक वर केलं. रायफलची नळी दिसली.

तो मला नंतर म्हणाला, "इथं हरणाला हात लावला तर तुरुंग, हे पोराटोरांना ठाऊक आहे."

"मुआजभाई, ये मना है," तो म्हणाला. "पुलिस. जेल."

"एक ही," मुआज म्हणाला. "बडा सिंगवाला. मी गेल्या महिन्यात बघितलाय. फोटो, खलास."

"गाडी फिरवा. मी तुमच्या पाया पडतो."

मुआजचं लक्षच नव्हतं. तो पुढे बघत होता. समरच्या एका झाडाखाली तीन हरणं उभी होती, आपल्या चिंकाऱ्यासारखी, पण अंगाने बारीक. त्यातल्या नराची शिंगं खरोखरच मोठी होती. मुआजने गाडी पळवली, हरणं उधळली, आणि एका हाताने स्टीअरिंग धरून त्याने मागची रायफल ओढली आणि नळी खिडकीबाहेर काढली. शिवरामने कान झाकून घेतले. तरीही आवाज छातीत शिरला.

नर पडला आणि लगेच उठला. त्याचा मागचा एक पाय दोरीला बांधल्यासारखा लोंबत होता. तसाच तो उड्या घेत एका कोरड्या वाडीत, म्हणजे ओढ्याच्या पात्रात, उतरला. तिथे नारळाएवढे धोंडे पसरले होते. गाडी जाणं शक्य नव्हतं.

मुआजने थोडं पुढे जाऊन गाडी थांबवली आणि रायफल शिवरामच्या मांडीवर ठेवली. "तुम जाओ. तुम शिकारी. चालीस मारा."

"कोण चाळीस?"

"तुम. यल्ला! चलो!"

शिवराम उतरला. का उतरला, हे मी त्याला नंतर विचारलं. तो म्हणाला, "दोन कारणं होती. एक, त्याच्या आवाजाची भीती वाटली. आणि दुसरं, तो पाय मी बघितला होता."

पात्रातल्या पांढऱ्या धोंड्यांवर रक्ताचे थेंब स्पष्ट दिसत होते. शिवराम वाकून चालायला लागला. तीस वर्षांनी माग काढत होता, पण डोळे विसरले नव्हते. इथे जनावर टेकलं होतं, इथे वळलं होतं. आणि त्याच्या नकळत तो मोजत होता. वीस झाली. शंभर झाली. चारशेनंतर उन्हाचे चटके बसायला लागले, तरी आकडा डोक्यात चालूच होता.

तेवढ्यात मागे इंजिन सुरू झालं. तो गिअरबॉक्स त्याने स्वतः दोन महिन्यांपूर्वी उतरवून बसवला होता, त्यामुळे ऐकताच कळलं. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. आवाज लांब गेला.

तो धडपडत काठावर चढला. मुआजच्या गाडीचा धुरळा पश्चिमेकडे पळत होता. आणि पूर्वेकडून दुसरा धुरळा येत होता. त्याच्या पुढे एक पांढरी गाडी. वन्यप्राण्यांची राखण करणारे गस्तवाले.

शिवराम पोटावर पडला आणि घसरत पुन्हा पात्रात आला. फोनला रेंज नव्हती. बाटलीत चार घोट पाणी. हातात दुसऱ्याची रायफल आणि मागे वाटभर रक्त. काठाला एक कपार होती, तिच्यात तो अंग चोरून बसला. दात वाजत होते. उन्हात माणसाचे दात वाजतात हे त्याला तेव्हा कळलं.

त्याला सगळं एकदम दिसायला लागलं. हातात बेड्या. भाषा न येणारी कोठडी. गावी वाडीत बातमी. त्याची मुलगी उर्वी रत्नागिरीला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला कॉलेजात कुणीतरी हे मोबाईलवर दाखवेल, असं त्याच्या मनात आलं. मग त्याने ठरवलं, की रायफल पुरायची आणि रस्त्याच्या दिशेने चालत सुटायचं. कोणी अडवलं तर म्हणायचं, वाट चुकलो. तो दोन्ही हातांनी खडी उकरायला लागला. नखं फुटली.

तेव्हा अगदी जवळून कुणीतरी खाकरल्यासारखा आवाज आला.

त्याला वाटलं, आलेच. त्याने मान वर केली. पंधरा-वीस हातांवर एका मोठ्या धोंड्याच्या सावलीत तो नर पडला होता. शिवराम बसला तेव्हापासून तो तिथेच होता आणि त्याच्याकडेच बघत होता. पोट भात्यासारखं वरखाली होत होतं. त्याने उठायचा प्रयत्न केला, पुढचे पाय टेकले आणि पुन्हा कोसळला. तोंडातून तसाच आवाज आला.

शिवरामने रायफल उचलली. एक गोळी, आणि त्याचे हाल थांबले असते. पण त्या गोळीचा आवाज गस्तवाल्यांना गेला असता आणि मग गुन्हा सरळ याच्याच अंगावर आला असता. आणि न झाडता निघून गेलं, तर नर संध्याकाळपर्यंत तसाच तडफडणार. शिवरामने नेम धरला. नळी हलत होती. त्याने कोपर गुडघ्यावर टेकवलं, तरी हलतच होती. एवढ्या जवळून चुकणं शक्य नाही, हे त्याला माहीत होतं. पण पोटात गोळी घेऊन जाळीत शिरलेल्या त्या मादीवरही त्याने जवळूनच गोळी झाडली होती.

त्याने रायफल खाली घेतली. तिच्यातली गोळी काढली, गोळी चढवायचा बोल्ट सुटा केला, आणि रायफलीसकट सगळं एका सपाट धोंड्यावर उघड्यावर ठेवलं. मग अंगातला शर्ट काढून काठावर चढला आणि पांढऱ्या गाडीच्या दिशेने तो हलवायला लागला.

"उभं राहवत नव्हतं मला," तो सांगताना खाली बघत होता. "पँट ओली झाली होती. कधी झाली ते कळलं नाही."

गाडी थांबली. दोघे उतरले. एक ओरडला, "हात वर!" शिवराम गुडघ्यांवर बसला. हैवान म्हणजे जनावर, या एका शब्दापलीकडे त्याला अरबी आठवेना. तो एवढंच म्हणत राहिला, "हैवान. जिंदा है. उधर. जल्दी."

दोघांतला मोठा नूरुद्दीन नावाचा होता. दाढी पिकलेली, चालणं सावकाश. तो खाली उतरला. बराच वेळ गेला. मग वायरलेसवरचं बोलणं ऐकू आलं आणि त्यानंतर एकच आवाज झाला. शिवरामने डोळे मिटून घेतले होते. दुसरा आवाज होतो का, याची तो वाट बघत होता. तो झाला नाही.

नूरुद्दीन वर आला. "तू मारलं?" त्याने हिंदीत विचारलं.

"नाही."

"मग कोणी?"

शिवराम हातातला शर्ट अंगात घालायला लागला. नाव घ्यावं तर बावीस वर्षांची नोकरी गेली. न घ्यावं तर तुरुंग.

नूरुद्दीनने पुन्हा विचारलं नाही. त्याने शिवरामला गाडीच्या सावलीत बसवलं, पाणी दिलं, आणि तो एकटाच रक्ताच्या मागावरून उलटा चालत गेला. शिवराम म्हणतो, तो तास सगळ्यात वाईट. ज्याला माग वाचता येतो त्याला, गोळी मी झाडलेली नाही, हेही वाचता येईल का, एवढाच विचार.

तो परत आला तेव्हा त्याच्या रुमालात एक रिकामं काडतूस होतं. "हे टायरच्या खुणेशेजारी पडलं होतं, ड्रायव्हरच्या खिडकीच्या बाजूला," तो म्हणाला. "आजूबाजूला पावलाचा एकही ठसा नाही. तुझी चप्पल तिथून साठ पावलं पुढे उतरली, गाडीच्या दुसऱ्या दाराने. ज्याने मारलं तो गाडीतून उतरलाच नाही. आता नाव सांग."

शिवरामने सांगितलं.

तो नऊ दिवस कोठडीत होता. मला दुसऱ्या दिवशी कळलं. अर्बाबकडे गेलो, तर तो एवढंच म्हणाला, "त्याने नाव का घेतलं?" खरं तर मी त्याच दिवशी पोलिसांकडे जाऊन सांगायला हवं होतं, की चाळीस माझ्या तोंडचे आहेत, या माणसाला शिकारी मी बनवलंय. पण माझाही व्हिसा कुणाच्या तरी कागदावर आहे. तीन दिवस मी दुकानात चुकीचे पार्ट देत राहिलो. चौथ्या दिवशी गेलो आणि जबाब दिला.

नूरुद्दीनच्या लेखी अहवालाने शिवराम सुटला. मुआजवर खटला उभा राहिला. शिवरामला साक्षीसाठी दोनदा जावं लागलं. मुआज समोर उभा होता, पण दोन्ही वेळा त्याने याच्याकडे बघितलं नाही. गॅरेजचं काम अर्थातच गेलं. अर्बाब ओरडला नाही. त्याने दुसरीकडे नोकरी धरायची परवानगी लिहून दिली आणि पाठ फिरवली. बावीस वर्षांत त्याच्याकडून न मागता मिळालेली ही एकच गोष्ट.

शिवराम आता सोहारच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात फोर्कलिफ्ट दुरुस्त करतो. गेल्या महिन्यात मी भेटायला गेलो होतो. बरा दिसला, पण वजन उतरलंय. खोलीबाहेर गाडी थांबली की बोलता बोलता थांबतो.

सरितावहिनींना, म्हणजे बायकोला, त्याने सगळं सांगितलंय. "ती म्हणाली, 'तुम्ही मोठं काम केलंत,'" तो मला म्हणाला. "मी तिला म्हटलं, अगं, मी पळणारच होतो. खड्डा अर्धा झाला होता. त्या जनावराने आवाज केला नसता तर मी गेलो असतो."

"पण गेला नाहीस ना," मी म्हणालो.

"पाय चालत नव्हते रे."

यातलं खरं काय, ते मला ठरवता आलेलं नाही. त्यालाही आलं नसावं.

सकाळी त्याच्याबरोबर मी कंपनीच्या बसपर्यंत गेलो. बस निम्मी रिकामी होती. तरी तो खिडकीजवळच्या जागा सोडून मधल्या सीटवर बसला आणि मांडीवरच्या डब्याकडे बघत राहिला. वसाहतीच्या अलीकडे दोन किलोमीटर नुसता उघडा माळ लागतो, सिनावच्या पुढे होता तसाच.