पुराच्या सरावात माझी ड्युटी

हसायचं तर खुशाल हसा, पण हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

वडवणीच्या स्टँडजवळ आता मोबाईलची कव्हरं विकतात ना, तिथं पूर्वी रफिकचाचांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसायचो. मी पन्नाशीचा मास्तर, चाचा सत्तरीचे. हॅम रेडिओचा नाद त्यांनीच लावला. मोबाईल बंद पडले, तारा तुटल्या, तरी आपल्या संचावरून आपण बोलू शकतो, हे ऐकून मी येडाच झालो. परीक्षा दिली, परवाना आला. चाचांच्या सात जणांच्या हॅम क्लबात मी सगळ्यात नवा, आणि माझ्या मते सगळ्यात हुशार.

मग तहसीलच्या साहेबांनी क्लबाला पुराचा सराव दिला. तो जमला तर खऱ्या संकटात आम्हाला बोलावणार होते. अट एकच, मोबाईल बंद ठेवायचे. टॉवर पडलेत असं समजायचं. चाचा संच घेऊन साहेबांशेजारी बसले. मी हातात मावणारा संच घेऊन गावाबाहेरच्या पुलावरून पाण्याची खबर द्यायची. नदी कोरडी ठणठणीत होती, तो भाग वेगळा.

माझी बायको सुनंदा डबा घेऊन सोबत आली. पहिली खबर दिली, चाचांचं "शाब्बास" ऐकलं, संच पिशवीत ठेवला, वर डबा ठेवला. त्यानंतर सगळं गप्प.

"कावून कुणीच बोलंना?" सुनंदा म्हणाली.

"काय बोलतील? रेडिओ कळतो तो मला एकट्यालाच."

"आन् चाचा?"

"लई भला माणूस. पण कान गेले आता. क्लब मलाच सांभाळावा लागनार बघ."

"साहेबांना सांगा की मग."

"त्याला काय सांगायचं? संच उलटा धरला तरी त्याला कळायचं न्हाई."

असं अर्धा तास चाललं. मग चाचांची लुना आली. ते उतरले, पिशवी उघडली, डबा उचलला. डब्याच्या कडेखाली संचाचं बोलायचं बटण दबलेलं. ते दबलेलं असलं की फक्त तुमचाच आवाज जातो, दुसऱ्या कुणाला बोलता येत नाही. काय झालं असेल, आलं ना ध्यानात?

"चाचा, समदं ऐकू आलं?"

"मला न्हाई आलं गुरुजी, माझे तर कान गेले. साहेबांना आलं. चला, बोलावलंय."

सुनंदा तोंडाला पदर लावून घरी निघाली. लुनावर रस्ताभर माझ्यापुढं चाचांचे खांदे नुसते हलत होते. चाचा जाऊन आता तीन वर्षं झाली. त्या रस्त्यानं गेलो की अजून ते हलणारे खांदे दिसतात.

साहेबांनी अहवालाचा कागद पुढं सरकवला. एक रकाना होता, 'संपर्क तुटण्याचे कारण'.

"साहेब, पूर लिहू का?"

"नदीत पाणी हाय का गुरुजी?"

मी पेन उघडलं आणि माझंच नाव लिहिलं. आडनावासकट.