कललेली मान

उष्टावणाच्या दिवशी माझ्या नातवाने समोर मांडलेल्या वस्तूंपैकी एकही उचलली नाही. आमच्याकडे मामाच्या हातचा खिरीचा घास झाला की बाळापुढे पोथी, लेखणी, अंगठी, मातीचे ढेकूळ असे काही ठेवतात, आणि ते कशाला हात घालते यावरून त्याचे पुढचे आयुष्य थट्टेने ठरवतात. ओंकारने त्यांपैकी कशाकडे पाहिलेही नाही. त्याने खिरीची रिकामी वाटी ओढून घेतली, काठावर बोट दाबून ती डोलवली, आणि मान कलती करून डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्या कडेकडे पाहत राहिला. माझी मुलगी, त्याची आत्या, म्हणाली, "वहिनी, पोथी नको, पेन नको, हा तर हॉटेलच काढणार!" "मग ताटं घासायला तुम्हालाच बोलावू, वन्सं," सून वैशालीने उत्तर दिले. सगळे हसले. पण हसता हसता ती पुन्हा पुन्हा "ओमी, इकडे, आईकडे बघ" म्हणत होती आणि तो एकदाही वळला नव्हता, हे माझ्या ध्यानात आले.

सातपूरच्या एका कारखान्यात मी निवृत्तीपर्यंत सुट्या भागांची तपासणी केली. भाग हातात घ्यायचा, सावकाश फिरवायचा, उजेडाकडे धरायचा, एक डोळा मिटून त्याच्या धारेवरून नजर टाकायची. हे मूल तेच करीत होते. त्यामुळे मला प्रथम कौतुकच वाटले. खुळखुळा दिला तर तो वाजवीत नसे. त्याची मूठ उलटी करून तिच्यावरची रेघ पाहत असे. दुपारी जाळीतून ऊन आत आले की फरशीवर गाल टेकून त्या ठिपक्यांकडे पाहत पडून राही. ठिपके सरकत भिंतीवर चढत आणि विझत. तोवर तो हलत नसे. त्या वेळी घरात इतकी शांतता असे की मीही वर्तमानपत्र बाजूला ठेवून त्या उजेडाकडे पाहत बसे, आणि किती वेळ गेला ते समजत नसे.

पण त्याला माणसांची गरज लागत नसे. आई खोलीत आली काय, गेली काय, त्याच्या चेहऱ्यावर फरक पडत नव्हता. कानांत दोष नव्हता. दुधाच्या भांड्यावरचे झाकण वाजले की तो वळे. आमचे मुलांचे डॉक्टर विचारी गृहस्थ होते. त्यांनी बराच वेळ त्याला नुसते पाहिले आणि सांगितले, "मूल वस्तू बघतं, माणसं बघत नाही. एवढ्यात नाव द्यायची घाई नको, पण सोडूनही देऊ नका. दाखवत राहा. त्याच्याबरोबर जमिनीवर बसत जा." ते नव्वदच्या दशकातले नाशिक होते. अशा मुलांविषयी बोलणारे फार कोणी नव्हते. आम्ही जमिनीवर बसलो. टाळ्या वाजवल्या, हाका मारल्या, तोंडासमोर खेळणी नाचवली. तो आमच्यापासून थोडा आणखी दूर सरके.

एके दुपारी वैशाली कपड्यांच्या घड्या घालीत होती. मान वर न करता तिने विचारले, "अण्णा, मी एक दिवस घरात नसलेच, तर याला कळेल का हो?"

मी ढिगातली एक चादर ओढून तिची घडी घालू लागलो.

देवपूजा मी नेमाने करीत आलो होतो. त्यात नेम होता, मागणे कधी नव्हते. ओंकारचे जावळ काढायला सप्तशृंगीच्या गडावर जायचे ठरले, तेव्हा मात्र मी मनाशी मागणे तयार केले. या मुलाची नजर सरळ कर, त्याला त्याच्या आईकडे वळव. एवढेच मागायचे होते.

श्रावण सरत आला होता. नांदुरीच्या पुढे घाट लागला तसे धुके दाट झाले आणि गड दिसेनासा झाला. माझ्या मुलाची, ओंकारच्या वडिलांची, कामावर पाळी होती म्हणून तो आला नव्हता. पायथ्याशी जावळ काढताना ओंकारने आकांत केला. वस्तऱ्याचा स्पर्श त्याला सहन होईना. वैशाली त्याला घट्ट धरून बसली होती. रडतानाही तो तिला बिलगला नाही. आमच्या सौभाग्यवतीचे गुडघे चालेनात, ती खालीच थांबली. मी त्याला खांद्यावर घेतले आणि आम्ही तिघे पायऱ्या चढू लागलो. वरची पायरी दिसत नव्हती, मागची पुसली जात होती. माणसांचे आवाज येत, माणसे दिसत नसत. त्या पांढऱ्या पोकळीत तो मुंडन केलेल्या डोक्याचा गोळा माझ्या गळ्याशी शांत झाला.

गाभाऱ्यासमोर गर्दी नव्हती. आईची मूर्ती मी अनेकदा पाहिली होती. शेंदराने माखलेली, अठरा हातांची, मान किंचित एका बाजूला कललेली. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी पाठ म्हणतात आणि देवी तो कान देऊन ऐकते, म्हणून ती मान तशी, असे लहानपणापासून ऐकत आलो होतो. मी हात जोडले. इतक्यात ओंकारने खांद्यावरच मान कलती केली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून देवीच्या नथीवर हलणारा दिव्याचा उजेड पाहू लागला. मी एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा तिच्याकडे. मागणे ओठांपर्यंत आले होते, ते तिथेच थांबले. पुजाऱ्याने पुढे सरकायला सांगितले. मी काही न मागता बाहेर आलो.

उतरताना एका सपाट जागी वैशाली दम खायला बसली, मीही शेजारी टेकलो. ओंकारला तिने शाल अंथरून खाली ठेवले. कठड्याला टेकून एक वृद्ध बाई पाय पसरून गुडघा चोळीत होती. बोली बागलाणाकडची, अहिराणी. माझा उतरलेला चेहरा पाहून म्हणाली, "दर्शन व्हयनं ना, बाबा? मंग तोंड असं काबरं करेल शे?"

वैशाली त्या दिवसात प्रथमच हसली. बाईने ओंकारला हाक मारली नाही की त्याचा गालगुच्चा घेतला नाही. मनगटातले पितळी कडे काढले, दगडावर उभे धरून फिरवले, आणि त्याच्या शेजारी कोपरावर रेलून, त्याच्यासारखीच मान कलती करून, त्या कड्याकडे पाहू लागली. कडे फिरताना त्याची कड नाहीशी होऊन नुसता पिवळा उजेड राहतो. तो उजेड धुक्यात उभा होता. मग तो डगमगला, आवाज करीत आडवा झाला. तिने पुन्हा फिरवले. पुन्हा तेच झाले. तिसऱ्या वेळी तिने कडे नुसते धरून ठेवले. ओंकार वाट पाहू लागला. त्याने कड्याकडे पाहिले, तिच्या हाताकडे पाहिले, आणि हातावरून नजर वर नेत तिच्या तोंडाकडे पाहिले. सरळ.

वैशालीचा चेहरा उतरला. "परक्या बाईकडे बघितलं," ती पुटपुटली. "माझ्याकडे कधी नाही."

बाईने कडे तिच्याकडे सरकवले. "घे माय. आते तू फिराव. बोलू नको."

तिच्या हातून ते पहिल्यांदा नुसतेच पडले. दुसऱ्यांदा फिरले, खूप वेळ फिरले आणि थांबले. तिने ते उचलले नाही. ओंकारने हात पुढे केला. मला वाटले, कडे घेईल. त्याने आईचे बोट धरले, ओढले आणि कड्यावर नेऊन ठेवले. तिच्याकडे पाहिले नाही. पण दगडावर माझेही हात होते, त्या बाईचेही होते. त्याने तिचा शोधला होता.

खालून कोणी तरी बाईला हाक मारली. ती गुडघ्यावर हात दाबून उठली. वैशाली डोळे पुसत म्हणाली, "मावशी, हे कडं..."

"दे ना मग, मन्हं शे ते. तुन्ह्या हातमा बांगड्या शेतच ना!"

मी विचारले, "तुम्हाला हे कोणी शिकवले?"

"शिकाडी कोन, बाबा? तो खेळी राहिंता, मी बी खेळनू. मन्हा गुडघा दुखी राहिंता." आणि ती धुक्यात उतरली. काही पायऱ्यांनंतर दिसेनाशी झाली.

तिला देवीने पाठवले असे मी म्हणत नाही. पाठवले नाही असेही मला म्हणवत नाही.

पुढची वर्षे सोपी नव्हती. डॉक्टरांकडे जाणे चालू राहिले. त्यांच्या सांगण्याचा अर्थ आम्हाला आता अधिक कळत होता. काही वर्षांनी त्याच्या वेगळेपणाला नावही मिळाले. ओंकार उशिरा बोलला आणि थोडेच बोलला. आईकडे त्याने पाहिले ते गडावरून आल्यावर बऱ्याच महिन्यांनी, ती भात कालवत असताना, काही कारण नसताना. स्वयंपाकघरातून तिने मला अगदी हलक्या आवाजात सांगितले, "अण्णा, बघतोय." मी जागेवरून उठलो नाही. ती नजर तिची होती.

मुलाला आमच्याकडे वळव, असे मागायला मी गेलो होतो. देवीने त्याला वळवले नाही; आम्हाला त्याच्या शेजारी नेऊन बसवले. तिच्या देण्यात आपला हिशेब घालू नये, इतके मला उतारवयात समजले, ही तिचीच कृपा.

आता तो वयात आला आहे. संध्याकाळी मी ओट्यावर बसतो. कधी तो येतो, कधी येत नाही. आला की मी थोडा सरकतो.